गुडघ्याचं इंजेक्शन

"तेजल! आधी इकडे ये. आत्ताच्या आत्ता!"

स्वयंपाकघराच्या दारातून दर्शनाचा आवाज असा काही आला, की चंद्रप्रकाशांच्या बोटांतले नातीच्या केसांचे तीन पेड जागच्या जागी थबकले. सात वर्षांची तेजल आजोबांच्या मांडीवर बसून, तोंडात बिस्किट कोंबून, शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करत होती. एक वेणी झाली होती, दुसरी अर्ध्यावर आली होती… आणि सातव्या महिन्यातली सून एका हाताने कंबर धरून ताडताड आली, मुलीला दंडाला धरून तिने उठवलं आणि सासऱ्यांकडे न बघताच म्हणाली, "आजपासून तिच्या वेण्या मी घालीन, बाबा."

"अगो, पण अर्धी झाली हा…"

"मी घालीन म्हटलं ना!"

चाळीस वर्षं वीज कंपनीत जमिनीखालच्या केबली जोडत आलेला हा माणूस! हातांना घट्टे, नखं कायमची काळी, पण नातीच्या डोक्यावर तेच हात असे हलके फिरायचे की पोरगी झोपेतच शाळेला तयार होई. चारकोपच्या त्या सेक्टरमध्ये तेजलच्या वेण्यांची कीर्ती होती. शेजारच्या बायका आपल्या पोरींना दाखवत, "बघ, तेजलच्या आबांनी घातलीय, संध्याकाळपर्यंत एक केस हलत नाही." आणि त्या हातांतून आज सुनेने पोर ओढून नेली, तीही अशी, जशी जळत्या स्टोव्हजवळून नेतात…

"डोहाळे हो, दुसरं काय!" नलिनीबाईंनी नवऱ्याची समजूत घातली. "मला सुयोगच्या वेळी तुमचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता."

"तो तुला अजूनही होत नाही," चंद्रप्रकाश म्हणाले आणि हसले. पण काळजात कुठेतरी काटा मोडला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात फक्त चंद्रप्रकाशांना ठाऊक होती. त्यांना कॅन्सर होता. प्रोस्टेटचा. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा कामावरचा जुना सोबती धोंडू त्यांना परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात घेऊन गेला, तपासण्या झाल्या, आणि तिथल्या तरुण डॉक्टरने समोर बसवून समजावलं की हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, ते हार्मोन बंद केलं की आजाराची उपासमार होते. दर महिन्याला एक इंजेक्शन, न चुकता. "काका, घाबरू नका. इंजेक्शन चुकवलं नाहीत तर हा आजार घेऊन माणसं भरपूर जगतात," डॉक्टर म्हणाला होता. धोंडू बाहेर येऊन रडला, आणि रुग्णाने त्याला चहा पाजला.

घरी मात्र अवाक्षर काढायचं नाही, असं चंद्रप्रकाशांनी ठरवून टाकलं. का? तर दर्शना! तेजलनंतर त्या पोरीचे दोन गर्भ पोटातच गेले होते. तीन वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्यावर हे तिसरं दान पदरात पडलेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलेलं, "हिच्या मनाला धक्का लागेल असं काही होऊ देऊ नका." साताऱ्याकडची ती तोंडाने फटकळ, पण सासऱ्यांना साधी शिंक आली तरी काढा उकळणारी सून… तिला कॅन्सर हा शब्द ऐकवायचा? छे! त्यांनी जाहीर केलं की गुडघे गेलेत, महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागतं. आणि थाप खरी वाटावी म्हणून ते जिना चढताना आठवणीने लंगडत. कधी उजव्या पायाने, कधी डाव्या.

इंजेक्शनाने गमतीही कमी केल्या नाहीत. भर एसीत त्यांना घामाच्या धारा लागत. टीव्हीवर तांदळाच्या जाहिरातीतली आई लेकाला भात वाढू लागली की यांचे डोळे पाझरत. "अहो, हे तर अगदी माझ्यासारखं झालंय! पाळी जाताना मला अशाच वाफा येत होत्या," नलिनीबाई वारा घालत म्हणाल्या होत्या, आणि चंद्रप्रकाशांनी घाईघाईने विषय बदलून गुडघा चोळला होता.

आणि नेमक्या त्याच महिन्यात सोसायटीत सह्यांची मोहीम निघाली. कुठल्याशा शहरातल्या एका चिमुरडीची ती बातमी… वाचवत नव्हती. महिला मंडळाच्या बायका पेटून उठल्या, आणि सगळ्यांत पुढे दर्शना, पोटावर हात ठेवून. मागणी एकच : अशा नराधमांची वासना मारून टाकणारं इंजेक्शन परदेशात देतात, तसं आपल्याकडेही द्या, कायदा करा! मंडळाच्या मधुवंतीबाईंनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, औषधाच्या नावासकट. तो मेसेज वाचला कुणी फारसा नाही, पण सही सगळ्यांनी केली. पहिली सही चंद्रप्रकाशांची. वर ते छाती काढून म्हणाले होते, "एक नको, चार द्या मेल्यांना!"

टाळ्या पडल्या होत्या. दर्शनाने कौतुकाने सासऱ्यांकडे पाहिलं होतं. ती नजर आता उरली नव्हती.

कारण त्या सकाळपासून घर बदललं. तेजलला शाळेच्या बसवर सोडायला आजोबांऐवजी दर्शना अवघडलेल्या अंगाने स्वतः जाऊ लागली. संध्याकाळी आजी देवळात गेली की दर्शना लेकीला घेऊन आतल्या खोलीत, दार लावून. बोलणं तुटक. ताटात वाढणं मात्र तसंच, गरम पोळी, वर तूप! ते तूप बघून तर चंद्रप्रकाशांना अधिकच कोडं पडे.

तिसऱ्या दिवशी तेजल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, हात मागे बांधून, शहाण्या मुलीसारखी.

"आबा, आई म्हणते तुझं अंग दुखतंय, म्हणून मांडीवर बसायचं नाही. खूप दुखतं का रे?"

"नाय गो बाय… थोडासा."

"मग मी लांबूनच सांगते हं. आज आमच्या बाई घसरून पडल्या!"

पोर लांबूनच हसली, आजोबाही हसले, आणि ती गेल्यावर त्यांना घामाची वाफ आली की रडू, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

उलगडा झाला तो संध्याकाळी. मधुवंतीबाईंनी तोच मेसेज ग्रुपवर पुन्हा टाकला होता. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून चंद्रप्रकाशांनी चष्मा लावून तो पहिल्यांदाच सबंध वाचला. चौथ्या ओळीत औषधाचं नाव होतं. ल्युप्रोलाइड.

हे नाव… हे नाव त्यांनी पाहिलं होतं! त्यांच्याच इंजेक्शनच्या डबीवर! गेल्या खेपेला नर्सने रिकामी डबी त्यांच्या पिशवीत टाकून दिली होती. तीन दिवसांपूर्वी ती हाती लागली, तेव्हा घरात कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात खोल कोंबली होती, भाजीच्या देठांखाली. आणि त्या घरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याबद्दल सगळ्या सोसायटीला धाक घालणारी एकच बाई होती! ओल्या कचऱ्यात कागद बघून दर्शनाने तो उचलला नसता, तरच नवल.

सुनेच्या मनात आपण कोण होऊन बसलोय हे उमगलं, आणि त्या भल्या माणसाचं अंतःकरण विदीर्ण झालं. मी? माझ्या तेजलला? देवा रे!

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकावर धोंडूने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली! मेल्या, आत्ता घरी जा नि सांगून टाक. एका वाक्याचं काम आहे!"

"त्या वाक्यात कॅन्सर आहे, धोंडू. अडीच महिने राहिलेत तिचे. दोनदा रिकाम्या हाताने परत आलीय रे पोर…"

"आणि तोवर ती तुला काय समजेल?"

"समजू दे."

"तुला राग नाही येत तिचा?"

चंद्रप्रकाशांनी मान डोलावली. मग म्हणाले, "काल रात्री आधी आला. मग विचार केला, तिने केलं काय? शंका आली आणि तिने पोर आधी बाजूला काढली. सासरा आहे, वडीलधारा आहे, लोक काय म्हणतील, कसलाही विचार केला नाही. घराण्याची अब्रू म्हणून तोंड दाबून बसणाऱ्या घरांत लेकरांचं काय होतं, ते आपण त्या सह्या करताना बोललोच ना? माझी नात राखणारी आई आहे घरात. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटतं, धोंडू. फक्त… फक्त पोर मांडीवर नाही, ते सोसत नाही रे!"

आणि मग त्यांनी आपला बेत सांगितला. बाळंतपण होईपर्यंत गावी, कणकवलीकडे, जाऊन राहायचं. आपण डोळ्यांसमोर नसलो की दर्शनाच्या जिवाला स्वस्थता.

"आणि इंजेक्शन?" धोंडू ताडकन उठला. "तिथे कोण टोचणार?"

"बघू."

"म्हणजे घेणार नाहीस! डॉक्टर काय म्हणाला विसरलास? मरायला चाललास तू, चंदू!"

"तीन महिन्यांत कोण मरतो रे! घरात एक जीव यायचाय, त्याचं आधी बघू दे."

त्यांनी रविवारचं तिकीट काढलं. घरात सांगितलं, तेव्हा नलिनीबाई उखडल्याच. "पुढच्या गुरुवारी ओटी भरायचीय सुनेची! पन्नास माणसं जेवायला! आणि गाऱ्हाणं कोण घालणार? तुमचा धोंडू?" देवासमोर नारळ ठेवून घरातल्या कर्त्या माणसाने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही त्यांच्या कोकणची रीत. त्याशिवाय त्या घरात साधा फ्रीजसुद्धा कधी चालू झाला नव्हता.

"सुयोग घालील," चंद्रप्रकाश म्हणाले.

"मी? बाबा, मला 'बा देवा म्हाराजा'च्या पुढे काही येत नाही यार!" विमानतळावरच्या कार्गोतून दमून आलेला सुयोग हादरला. "दर्शना, तू तरी सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

सगळ्यांनी दर्शनाकडे पाहिलं. ती ताटात बघत होती. "त्यांना जायचं असेल तर जाऊ दे," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या पोळीवर तूप वाढलं. चंद्रप्रकाशांनी ताकाची वाटी ओठांना लावली.

शुक्रवारी दर्शनाची तपासणी होती. सुयोग तिला सकाळीच घेऊन गेला. चंद्रप्रकाशांनी बॅग भरली, दोन लेंगे, चार सदरे, नातीने काढलेलं त्यांचं चित्र. चित्रात आजोबांना दोन वेण्या होत्या, का ते चित्रकारालाच ठाऊक.

दुपारी एकच्या सुमाराला रिक्षा वाजली. सुयोग अजून पैसे देत होता, तोवर दर्शना जिना चढून आलीसुद्धा, धापा टाकत, छातीशी आपली जाडजूड जुनी फाइल धरून. चंद्रप्रकाश घाबरून उठले. "हळू गो! काय झाला? बाळ बरा आसा ना?"

"बाळ बरं आहे. बसा तुम्ही." ती स्वतः मात्र उभीच राहिली. "बाबा, आज डॉक्टरांनी जुने कागद मागितले. गेल्या वर्षी माझ्या गर्भपिशवीच्या आजारावर उपचार झाले ते. मी बिलं काढली, आणि…" तिने एक पिवळट कागद त्यांच्यासमोर धरला. "वाचा."

चंद्रप्रकाशांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. बिलात तीनदा एकच नाव होतं. ल्युप्रोलाइड. रुग्णाचं नाव, सौ. दर्शना.

"तीन इंजेक्शनं, बाबा! मी घेतली! तेच औषध! नाव कधी वाचलंच नव्हतं! मी डॉक्टरांना विचारलं, हे तर त्या नराधमांना देतात ना? त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, अगं, औषधाला कुठे माहीत असतं आपण कुणाच्या अंगात जातोय! त्यांना देतात, तुला दिलं, त्याच्यामुळेच हे बाळ राहिलं. आणि मग मी विचारलं, वयस्क पुरुषांना कशासाठी देतात…" तिने फाइल मिटली. "तेव्हा त्या हसल्या नाहीत."

नलिनीबाई हातातलं फडकं धरून दारात थिजल्या होत्या.

"बाबा, तुम्हाला कॅन्सर आहे?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. "लहानसा आहे," चंद्रप्रकाश अपराधी सुरात म्हणाले.

"गुडघा!" नलिनीबाईंना कंठ फुटला. "मला गुडघा म्हणालात! मी दोन महिने त्या धडधाकट गुडघ्यांना तेल चोळलं!" आणि त्या माउलीने हातातल्या फडक्याने नवऱ्याच्या पाठीवर चार फटके ओढले आणि पाचव्याला त्याच पाठीवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडू लागल्या.

दर्शना अवघडत खाली बसली, सासऱ्यांच्या पायांशी. "तुम्हाला कळलं होतं ना मी काय समजले ते? कळलं होतं… आणि तरी गप्प बसलात? गावी जाऊन औषध सोडणार होतात? माझ्यासाठी? मी तुम्हाला कसलं पाप चिकटवलं, बाबा… कुणाला बोलले नाही हो मी, सुयोगलासुद्धा नाही! बोलावं तर देवमाणसाचं तोंड काळं होईल, न बोलावं तर माझी पोर… चार रात्री डोळ्याला डोळा नाही. मला माफ करा…"

"माफी मागशील तर खरंच गावी जाईन!" चंद्रप्रकाशांनी तिला खांद्यांना धरलं. डोळे घळाघळा वाहत होते, आणि ते या वेळी इंजेक्शनामुळे नव्हते. "तू चुकलीस कुठे? चुकलो मी. खरं सांगायची लाज वाटावी असं माझ्यापाशी काही नव्हतं, आणि मी ते भाजीच्या देठांत लपवलं. तू आई आहेस पोरी, तुझ्या जागी मी असतो तर सासऱ्याला घराबाहेर काढला असता!"

सुयोग दारात उभा होता, हातात सुट्टे पैसे. "कुणी मला सांगेल का काय झालंय?" तो म्हणाला. त्याला सांगायला कुणी रिकामं नव्हतं. धोंडूला फोन करून त्याने सगळं काढून घेतलं, मग गच्चीवर जाऊन एकटाच रडून आला, आणि आल्या आल्या रविवारचं तिकीट रद्द करून मोकळा झाला.

चार वाजता बस आली. तेजल दप्तरासह धावत आत शिरली आणि सवयीने आजोबांपासून चार पावलांवर थांबली. दर्शनाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा. आबांचं अंग आता दुखत नाही."

"सगळं बरं झालं?"

"सगळं नाही. पण मांडी एकदम झकास आहे!" चंद्रप्रकाश म्हणाले. पोर झेपावली ती त्यांचा चष्मा उडवत अंगावर कोसळली आणि चार दिवसांच्या तुंबलेल्या बातम्या एका श्वासात सांगू लागली. त्यातली एकही त्यांना नीट ऐकू आली नाही.

गुरुवारी घर माणसांनी फुललं. दर्शनाने हिरवी साडी नेसली होती, फुलांचे दागिने घातले होते. मधुवंतीबाई सगळं मंडळ घेऊन आल्या होत्या. औषधाबद्दल ग्रुपवर आता दर्शनाने लिहिलेला मेसेज फिरत होता : शिक्षा माणसाला मागा, औषधाला बदनाम करू नका. देवासमोर नारळ ठेवला गेला. चंद्रप्रकाश टोपी घालून पुढे झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पन्नास माणसं गरजली.

"आज ह्या घरान सुनेची ओटी भरूक घेतली हा. तिचा बाळंतपण सुखान पार पडांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या अंगात एक दुखना शिरला हा. कॅन्सर म्हणतत तेका. ता मी घरापासून लपवलंय, माझा चुकला! औषधाक गुण येवंदे, म्हाराजा!"

बायकांच्यात कुजबुज उठली, पदर डोळ्यांना लागले, पण उत्तर आलं ते दुप्पट मोठ्याने. "व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरातली आय अशीच जागी ऱ्हवांदे! शंका इली तर सासऱ्याचा पण तोंड बघू नको, अशी बुद्धी तिका कायम दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत वरचा आवाज नलिनीबाईंचा होता.

चंद्रप्रकाश नारळ उचलायला वाकले, तोच मागून दर्शना म्हणाली, "थांबा, बाबा. माझंही एक घालायचंय."

सुनेने गाऱ्हाणं घालायचं? असं त्या घरात कधी झालं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "मालवणी येते काय तुला?" मधुवंतीबाईंनी विचारलं. "'व्हय' आमच्या साताऱ्यातही म्हणतात," दर्शना म्हणाली, पोटावर हात धरून पुढे आली आणि तिने देवाला हात जोडले.

"देवा म्हाराजा, मला जपायचं म्हणून ह्या घरात कुणी एकट्यानं सोसायचं नाही! सुखात वाटणी देतात, तशी दुखण्यातही माझी वाटणी मला द्यायची! पुढच्या मंगळवारी इंजेक्शनला मी त्यांच्याबरोबर जाणार, म्हाराजा!"

सगळी माणसं गप्प राहिली, कारण उत्तर कुणाचं ते सगळ्यांना कळत होतं. चंद्रप्रकाशांनी टोपीने डोळे पुसले, सुनेच्या शेजारी हात जोडून उभे राहिले आणि एकट्यानेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."